जुन्या टेंपोची तहान

पहाटे पाचच्या सुमारास खंडेराव मार्केटच्या बाजूने जो कोणी फिरावयास निघतो, त्यास एक देखावा चांगलाच परिचयाचा झालेला असतो. वांगी, गवार, भेंडी यांनी गच्च भरलेले टेंपो रांगेने उभे असतात; पाट्या उतरत असतात; भावाची घासाघीस चाललेली असते; आणि या सर्व गलबल्यात एखादा टेंपो चालकाविना नुसताच धडधडत उभा असतो. चालक पलीकडच्या टपरीवर चहा घेत असतो. "गाडी बंद का करीत नाही?" असे त्यास विचारले, तर तो निर्विकारपणे उत्तर देतो, "बॅटरी उतरली आहे, साहेब. बंद केली तर धक्का कोण मारणार?"

उत्तर ऐकून प्रथम हसू येते. परंतु घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर ते हसू टिकत नाही. जागच्या जागी चालणारे अशा गाडीचे इंजीन तासाला साधारण अर्धा ते एक लिटर डिझेल पिते. आपण पाऊण लिटर धरू. सकाळी वीस मिनिटे व सायंकाळी वीस मिनिटे गाडी अशी उभी राहिली, तर दिवसाला अर्धा लिटर गेले. वर्षाचे कामाचे दिवस ३०० धरले, तर १५० लिटर झाले. आणि लिटरला ९० रुपये हा भाव हिशेबापुरता गृहीत धरला, तर १३,५०० रुपये झाले. या रकमेत नवी बॅटरी येऊन वर काही रुपये शिल्लक राहतील. बॅटरी 'परवडत नाही' म्हणून जो मनुष्य ती घेत नाही, तो प्रतिवर्षी बॅटरीहून अधिक किमतीचे डिझेल धुराड्यातून हवेत सोडून देतो, आणि त्या बदल्यात एक किलोमीटरही पुढे सरकत नाही.

शाळेच्या वार्षिकांकात टेंपोच्या डिझेलाची चर्चा पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, याची आम्हांस कल्पना आहे. या पानांवर आजवर वाचनाचे महत्त्व, शिस्त, व्यायाम, सहलीची वर्णने असेच विषय येत गेले. परंतु आमच्या वर्गांतून बसणाऱ्या कित्येक मुलांच्या घरची चूल अशा जुन्या पिकअप गाडीवर चालते. कोणाचे वडील हाथीखान्यातून धान्याची पोती वाहतात, कोणाचे काका मकरपुऱ्याच्या कारखान्यांतून लोखंडी माल नेतात, कोणाचा मोठा भाऊ लग्नसराईत मंडपाचे सामान पोहोचवितो. गाडी कोणत्याही कंपनीची असो, मोठी असो वा 'छोटा हत्ती' असो, आपल्याकडे तिला टेंपो म्हणतात, आणि घरातील पुष्कळशा गोष्टी तिच्या टाकीशी बांधलेल्या असतात. भाडे किती मिळावे हे बाजार ठरवितो. डिझेलाचा भाव कोण ठरवितो, हे तर विचारावयासच नको. गाडीचा हप्ता, विमा, कर यांतील एक पैसाही कमी होत नाही. मालकाच्या हाती उरते ती एकच गोष्ट: एका लिटरमध्ये गाडी किती चालावी. आणि नेमक्या याच गोष्टीकडे दैवाधीन म्हणून पाहिले जाते! "जुनी गाडी आहे, पिणारच," असे म्हणून विषय मिटविला जातो.

आमचे मत याच्या अगदी उलट आहे. जुनी गाडी अधिक पिते, हे खरे. परंतु नेमके म्हणूनच नव्या गाडीपेक्षा जुन्या गाडीवर घेतलेले श्रम अधिक फळ देतात.

हे विधान प्रथमदर्शनी विचित्र वाटेल, म्हणून त्याचे गणित येथेच मांडतो. आठवीच्या विद्यार्थ्यासही ते करता येईल. वर्षाला १८,००० किलोमीटर चालणारी एक जुनी गाडी लिटरला ८ किलोमीटर जाते असे समजू. तिला वर्षाला २,२५० लिटर डिझेल लागेल. डागडुजी करून ती ९ किलोमीटर जाऊ लागली, तर २,००० लिटर पुरतील. बचत २५० लिटरची झाली. आता दुसरी, नवी गाडी घ्या. ती १२ किलोमीटर जाते. तिला १,५०० लिटर लागतात. तीही एका किलोमीटरने सुधारून १३ वर गेली, तर तिला सुमारे १,३८५ लिटर लागतील. बचत अवघी ११५ लिटरची. सुधारणा दोन्हीकडे लिटरमागे एकाच किलोमीटरची. परंतु जुन्या गाडीच्या मालकाच्या पदरात पडलेले डिझेल दुपटीहून अधिक! किलोमीटर आणि लिटर यांचे प्रमाण व्यस्त असल्यामुळे हा चमत्कार घडतो. टपरीवर "माझी तेरा देते, तुझी आठ" अशा बढाया ऐकून जो आठवाला मनुष्य खाली मान घालून बसतो, त्याने खरे तर आधी वही उघडावयास हवी.

वही म्हणजे कोणती वही, ते सांगतो.

आपल्याकडे गाडीचे 'ॲव्हरेज' ही एक ऐकीव गोष्ट असते. गाडी विकत घेतेवेळी कोणी तरी 'बारा देते' असे सांगितलेले असते, आणि तो बाराचा आकडा मालकाच्या मनात घराण्याच्या आडनावासारखा कायम होऊन बसतो. प्रत्यक्षात मोजून कोणी पाहिलेले नसते. पाचशेचे डिझेल आज, तीनशेचे उद्या, अशा रीतीने भरत गेल्यास ते मोजणे शक्यही नसते. कारण टाकीत आधी किती होते, हे ठाऊक नसते. मोजण्याची रीत एकच, आणि ती सोपी आहे. टाकी पूर्ण भरावी. मीटरवरचा आकडा लिहून ठेवावा. गाडी नेहमीप्रमाणे चालवावी. पुढे मध्येच थोडेथोडे भरावे लागले, तर तेही लिहावे. काही दिवसांनी त्याच पंपावर, गाडी तशीच सपाट जागी उभी करून, टाकी पुन्हा तितकीच पूर्ण भरावी. दोन आकड्यांमधील अंतरास या काळात भरलेल्या एकूण लिटरांनी भागावे.

यात दोन खड्डे आहेत. पहिला असा की, एका खेपेच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये. टाकी भरताना फेस येतो. पंपावरचा मुलगा कधी नळी लवकर काढतो, कधी उशिरा. दोन-तीन लिटरांचा फरक सहज पडतो. महिनाभराचे सर्व किलोमीटर व सर्व लिटर यांची बेरीज करून मगच भागाकार करावा. खेपेखेपेच्या सरासऱ्यांची पुन्हा सरासरी काढणे हे गणितदृष्ट्या चूक आहे. आमच्या गणिताच्या शिक्षकांनी ही चूक करणाऱ्यांस बाकावर उभे केलेले आम्ही पाहिले आहे. दुसरा खड्डा मीटरचा. जुन्या गाडीचा मीटर खरे बोलेलच असे नाही. महामार्गावरील किलोमीटरचे दगड पाहून दहा किलोमीटर जावे आणि मीटर किती पुढे सरकला ते ताडून घ्यावे. मीटर बंदच असेल, तर तो दुरुस्त करणे हाच काटकसरीचा पहिला खर्च होय.

आमच्या परिचयाचे एक कुटुंब बाबाजीपुऱ्यात राहते. त्यांची २००६ सालची पिकअप आहे. लाकडी सामान, कपाटे, पलंग पोहोचविण्याचे काम ते करतात. कन्या तेव्हा नववीत होती. तिने वडिलांच्या मागे लागून ही वही सुरू केली. वडिलांचा ठाम विश्वास होता की, गाडी लिटरला बारा जाते. पहिल्या महिन्याचा हिशेब झाला: १,२०६ किलोमीटर, १३४ लिटर, म्हणजे बरोबर ९. वडिलांनी आधी मुलीच्या भागाकारावर शंका घेतली, मग पंपाच्या मापावर, मग मीटरवर. तिने तिन्ही तपासून दाखविले. मग मात्र ते गप्प बसले. आणि दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर त्यांनी स्वतःच चाकांजवळ बसून प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ हात नेऊन पाहिला. तीन चाके कोमट होती. मागचे डावे चाक इतके तापलेले होते की, हात जवळ धरवेना. ब्रेकचा लायनर ड्रमला सतत घासत होता. गाडी कित्येक महिने एक पाय ओढीत चालत होती, आणि बापलेकीपैकी कोणालाच त्याचा पत्ता नव्हता!

ब्रेक मोकळा झाला, एअर फिल्टर बदलला गेला, टायरांत नेमकी हवा भरली गेली. पुढील महिन्यात १,३१० किलोमीटर व १३१ लिटर, म्हणजे १०. त्यानंतर नोझल तपासून घेतली व थर्मोस्टॅट बसविला; तिसऱ्या महिन्यात १,२६५ किलोमीटर व ११५ लिटर; म्हणजे ११. मधल्या एका आठवड्यात आकडा ७.८ वर घसरला आणि घरात चिंता पसरली. परंतु मागच्या खेपेस टाकी अर्धवट भरली गेली होती, एवढेच त्याचे कारण निघाले. वर्षाला १५,००० किलोमीटर धरले, तर ९ वरून ११ वर जाणे म्हणजे सुमारे ३०० लिटरांची बचत होते. कन्येची एकच तक्रार आहे, आणि ती आम्हांस फार मार्मिक वाटते. तिचे म्हणणे असे की, बाबांनी दोन-दोन, तीन-तीन कामे एकदम करून घेतली, त्यामुळे कोणत्या कामाने किती फरक पडला हे कधीच कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगशाळेतील नियम गाडीलाही लागू आहे. परंतु भाडी खोळंबलेल्या मनुष्यास तो पाळता येत नाही, हेही खरे.

आता इंजिनाकडे वळू. रुडॉल्फ डिझेल हा जर्मन अभियंता १८५८ साली पॅरिसमध्ये जन्मला. त्या काळातील वाफेची यंत्रे कोळशातील उष्णतेपैकी फारच थोड्या भागाचे काम करून देत. बाकीची उष्णता वाया जाई. हा अपव्यय त्यास सहन होईना. १८९७ साली ऑग्सबर्ग येथे त्याच्या इंजिनाची अधिकृत चाचणी झाली, तेव्हा इंधनातील उष्णतेपैकी २६.२ टक्के भागाचे रूपांतर कामात झाल्याचे आढळले. आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. मोठमोठ्या कारखान्यांपुढे लहान कारागीर टिकावा, त्याच्याजवळ स्वतःचे, स्वस्तात चालणारे यंत्र असावे, अशी या गृहस्थाची इच्छा होती. १९१३ साली इंग्लंडला जाताना तो बोटीवरून नाहीसा झाला. स्वतःच्या एका गाडीवर घर चालविणारा आपला टेंपोवाला पाहावयास तो असता, तर त्यास समाधान वाटले असते, असे आम्हांस वाटते. मात्र तो धूर पाहून तो निश्चितच संतापला असता.

कारण धूर ही या इंजिनाची साक्ष आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते. डिझेलच्या इंजिनात ती नसते. येथे प्रथम केवळ हवा आत घेतली जाते आणि ती सुमारे विसाव्या हिश्शात दाबली जाते. सायकलचा पंप भराभर मारल्यावर तो खालच्या टोकाशी गरम लागतो, हे मुलांनी अनुभविले असेलच. येथे तोच प्रकार इतक्या जोराने होतो की, हवा ५०० अंशांच्याही वर तापते. त्या तप्त हवेत नोझलच्या सूक्ष्म छिद्रांतून डिझेलाचा फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो. तेव्हा सगळे यश तीन गोष्टींवर अवलंबून आहे: हवा भरपूर हवी, फवारा धुक्यासारखा बारीक हवा, आणि तो नेमक्या क्षणी सुटावयास हवा. फिल्टर धुळीने भरला की हवा कमी पडते. नोझल झिजली की धुक्याऐवजी थेंब गळू लागतात. पंपाची वेळ उशिरा झाली की डिझेल जळते, पण त्याची उष्णता दट्ट्यास ढकलण्याऐवजी धुराड्यातून निघून जाते. "थेंबे थेंबे तळे साचे" ही म्हण आपण पाठ करतो. गळक्या नोझलपाशी तीच म्हण उलटी फिरते आणि तळे थेंबाथेंबाने आटत जाते.

काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेले डिझेल. तो चढावर क्षणभर दिसला तर समजू शकते, परंतु सपाट रस्त्यावर दिसू लागला, तर मालकाचे पैसेच हवेत दिसत आहेत असे समजावे. निळसर धूर निघाला, तर इंजिनाचे वंगण जळत आहे. तेथे पिस्टनच्या रिंगा झिजल्या असण्याचा संभव मोठा, आणि खर्चही मोठा. गरम झालेल्या इंजिनातूनही पांढरा धूर येत राहिला, तर न पेटलेले डिझेल किंवा इंजिनात शिरलेले पाणी यांपैकी काही तरी घोटाळा आहे. हा धूर नुसता पैशांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलाचा धूर मनुष्यास कर्करोग करणारा म्हणून नोंदविला. मांडवीच्या गल्ल्यांतून शाळेस चालत जाणाऱ्या मुलांची नाके नेमकी टेंपोच्या धुराड्याच्या उंचीच्या जवळपास असतात, हे कोणी ध्यानात घेतले आहे काय?

थर्मोस्टॅटविषयी दोन शब्द मुद्दाम लिहितो, कारण येथे आमचे मिस्त्रींशी भांडण आहे. इंजिनातील पाणी ठरावीक उष्णतेस, साधारण ८० अंशांच्या आसपास, पोहोचेपर्यंत त्यास रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही एक छोटीशी झडप. गाडी एकदा तापली की आपल्याकडील पुष्कळ मिस्त्री ती झडप काढून फेकून देतात आणि "आता गाडी कधीच तापणार नाही" असे आश्वासन देतात. आश्वासन खोटे नसते. गाडी तापत नाही. कधीच नीट तापत नाही! हिवाळ्याच्या सकाळी ती अर्धा रस्ता थंडच राहते, थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, तेल दाट राहते, झीज वाढते. रेडिएटर साफ करावयाचा सोडून झडप काढणे म्हणजे ताप मोजावयास नको म्हणून तापमापकच फोडण्यासारखे झाले.

मात्र मुलांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वही लिहा, टायर पाहा, धूर पाहा. परंतु नोझल व पंप यांस हात लावू नका. त्या फवाऱ्याचा दाब इतका असतो की तो कातडी भेदून आत शिरतो. ते काम चाचणीचे यंत्र असलेल्या पंप-नोझलवाल्यांचेच.

गाडी सुधारली, तरी चालविणारा सुधारला पाहिजे. आपला वडोदऱ्याचा मुलूख सपाट आहे. पावागढ सोडले तर चढ असा तो नाहीच. म्हणून आपल्याकडे डिझेल खाणारा मोठा शत्रू चढ नसून वेग हा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी ६० ने गेल्यास हा विरोध सुमारे ४४ टक्क्यांनी कमी होतो. आणि पिकअपचा उभा तोंडवळा, वर फडफडणारी सैल ताडपत्री यांमुळे हा विरोध काही थोडाथोडका नसतो. भरूच आपल्यापासून सुमारे ७० किलोमीटर. ८० ऐवजी ६० ने गेल्यास सतरा-अठरा मिनिटे अधिक लागतील. तेवढी मिनिटे जांबुव्याच्या पुलाजवळील एका कोंडीत अनेकदा जातात, आणि तेथे आपण कोणाकडे हिशेब मागत नाही. केंद्र सरकारने १९७८ साली स्थापन केलेली पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्था तर ताशी ४५ ते ५५ हाच वेग हितकर म्हणून सांगत आली आहे. एक्स्प्रेसवेवर तो सल्ला पाळणे अवघड आहे, हे आम्ही मान्य करतो. पादरा-डभोईच्या रस्त्यांवर काही अवघड नाही.

दुसरी खोड 'न्यूट्रल'ची. उतार लागला की गिअर काढून गाडी सोडून द्यावयाची, कोणी तर इंजीनच बंद करावयाचे, आणि डिझेल वाचविल्याचे समाधान मानावयाचे. माचीहून पावागढ उतरताना हा प्रकार आम्ही पाहिला आहे आणि अंगावर काटा आला आहे. यात बचत नाही, हे चालकांस कोणी सांगत नाही. गाडी गिअरमध्ये असून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की इंजीन चाकांच्या जोरावर फिरते आणि पंपावरील गव्हर्नर डिझेल जवळजवळ पूर्ण बंद करतो. गिअर काढला, तर इंजिनास स्वतःच्या बळावर चालू राहावे लागते, आणि त्यासाठी ते डिझेल घेते. म्हणजे ज्याला आपण बचत समजतो, तेथेच खर्च होतो! शिवाय गाडीस मागे ओढून धरणारे इंजीन सुटले, सगळा भार ब्रेकवर आला. आणि इंजीन बंद केले असेल, तर ब्रेकला मिळणारे साहाय्यही थोड्या वेळात संपले. वडिलांशेजारी बसून जाणाऱ्या मुलांनी या एका बाबतीत वडिलांस उलट बोलण्यास आमची संमती आहे.

वहीच्या पलीकडे बाजार आहे. डिझेलाच्या नळीवर बसवावयाचे लोहचुंबक, टाकीत टाकावयाच्या गोळ्या, 'वीस टक्के बचत'वाल्या बाटल्या. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने अशा शंभरांहून अधिक वस्तू तपासल्या. बहुतेकांचा काही उपयोग आढळला नाही, आणि थोड्याबहुत उपयोगाच्या निघाल्या त्या अगदी मोजक्या. आमचे म्हणणे इतकेच की, जो विक्रेता चुंबक आणील, त्यास वही दाखवावी आणि दोन महिने उधार मागावे. याहून वाईट प्रकार रॉकेल मिसळण्याचा. तो बेकायदा आहे, हे एक. रॉकेलमध्ये लिटरमागे उष्णता डिझेलपेक्षा कमी असते, हे दुसरे. आणि पंपाचे बारीक भाग डिझेलाच्याच वंगणावर चालतात, ते रॉकेलने झिजतात, हे तिसरे. शंभर रुपये वाचवून पंपाचे काही हजार भरणाऱ्याला काय म्हणावे, ते वाचकांनीच ठरवावे.

आता एक आक्षेप, आणि तो पोकळ नाही. आमचे एक सुविद्य स्नेही म्हणाले, "ही जुनी धुडे जपत बसण्यापेक्षा भंगारात का काढीत नाही? आयात तेलावर देश चालतो, हवा बिघडते, आणि तुम्ही त्यांची वकिली करता!" त्यांच्या म्हणण्यातील पहिला भाग खराच आहे. १९६० साली अंकलेश्वरला तेल लागले, १० मे १९६३ रोजी पंडित नेहरूंनी आपल्या कोयलीच्या शुद्धीकरण कारखान्याची कोनशिला बसविली, आणि तेव्हापासून आपण वडोदरेकर स्वतःस तेलाच्या गावचे रहिवासी समजतो; परंतु देशास लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आजही बाहेरून येते. दुसरा भागही अर्धा खरा आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चा दंडक आला. त्या गाड्यांच्या धुराशी जुन्या गाडीचा धूर कितीही डागडुजी केली तरी बरोबरी करू शकणार नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झालेल्या वाहने मोडीत काढण्याच्या धोरणाने गाडीच्या नुसत्या वयापेक्षा तिच्या तंदुरुस्तीच्या तपासणीवर भर दिला आहे, आणि तो आम्हांस योग्य वाटतो. नोझल, पंप, फिल्टर सर्व नीट करूनही जी गाडी काळाच धूर ओकते, तिची बाजू आम्ही घेणार नाही. तिला जावयास हवे, मग ती कोणाच्या का पोटाची असेना.

परंतु आमच्या स्नेह्यांस एक विचारतो. नव्या गाडीचे लाखो रुपये ज्याच्यापाशी नाहीत, त्याने ती मिळेपर्यंतची वर्षे काय करावे? गाडी तर तो चालविणारच; मुलांच्या फीची तारीख धोरणाची वाट पाहत नाही. तेव्हा ती गाडी ९ ने चालावी की ११ ने, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. एक लिटर डिझेल जाळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ३०० लिटर वाचले, म्हणजे आठशे किलो वाचला. आमच्या स्नेह्यांनी दिवाणखान्यात बसून हवेची जितकी काळजी केली, त्याहून ही सेवा काही कमी नव्हे. त्यांनी यावर उत्तर दिले नाही. चहा मात्र दोनदा मागविला.

बाबाजीपुऱ्यातील ती वही अलीकडेच आम्ही पुन्हा पाहिली. कन्या आता अकरावीत आहे. नोंदी धाकट्या भावाच्या अक्षरात आहेत आणि त्याचा ७ कधी १ सारखा दिसतो, म्हणून बहीण दर रविवारी तपासते. आकडा १०.६ वर आला आहे. वडिलांचे म्हणणे, यंदा माल जड आहे. मुलाचे म्हणणे, मागच्या उजव्या टायरात हवा कमी आहे. मलपृष्ठावर गाडीच्या तपासणीची पुढील तारीख लिहिली असून तिच्याखाली वडिलांनी स्वतःच्या हाताने एक ओळ घातली आहे: पास झाली तर ठेवू, नाही तर विकू. दोघांपैकी कोणाचे म्हणणे बरोबर, हे पाहण्यासाठी ते तिघेही आम्हांस सोडून हवा मोजावयास खाली उतरले.